डिस्लेक्सियाची व्याख्या आणि वाचनसंशोधन : ‘असूनही’ या शब्दाची चिकित्सा

प्रस्तावना

‘डिस्लेक्सिया’ ही संज्ञा मराठी सुशिक्षितांना आता अपरिचित राहिलेली नाही. २००७ मध्ये ‘तारे जमीन पर’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला आणि तोवर बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ व मोजके शिक्षक यांच्यापुरता मर्यादित असलेला हा शब्द घरोघरी पोचला. बुद्धीने तल्लख, कल्पनेने समृद्ध, पण अक्षरांपुढे हतबल होणारा मुलगा, ही प्रतिमा लोकमानसात रुजली. या प्रतिमेने कित्येक मुलांच्या कपाळावरचा ‘ढ’ हा शिक्का पुसला, हे तिचे ऋण मान्यच केले पाहिजे. तथापि तिच्यातील ‘तल्लख, पण’ ही जोडणी शास्त्राच्या कसोटीला उतरते काय, हा प्रश्न त्या ऋणाने मिटत नाही. मुलगा तल्लख नसता, तर त्याची वाचनातील अडचण वेगळी ठरली असती काय? आणि ती वेगळी ठरवून त्याला मदतीपासून दूर ठेवणे न्याय्य ठरले असते काय?

प्रस्तुत लेखात डिस्लेक्सियाच्या व्याख्या आणि त्या व्याख्यांवर उभे राहिलेले वाचनसंशोधन यांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न आहे. या व्याख्यांच्या मुळाशी बराच काळ एकच शब्द राहिला आहे : ‘असूनही’. पुरेशी बुद्धी असूनही, योग्य अध्यापन मिळूनही, घरची परिस्थिती अनुकूल असूनही जे मूल वाचायला शिकत नाही, ते डिस्लेक्सियाग्रस्त. हा शब्द वर्णनाचा वाटतो. प्रत्यक्षात तो निवडीचा आहे. मदत कोणाला मिळावी आणि कोणाला मिळू नये, हे तो ठरवतो. म्हणून त्याची तपासणी केवळ पारिभाषिक राहत नाही.

व्याख्येची जडणघडण

या विषयाचा आरंभ शाळेत नव्हे, तर दवाखान्यात झाला. मेंदूला इजा झाल्यानंतर वाचनशक्ती गमावलेल्या प्रौढ रुग्णांसाठी जर्मन वैद्य कुसमाउल यांनी १८७७ मध्ये ‘शब्दांधत्व’ अशा अर्थाची संज्ञा वापरली. ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द १८८० च्या दशकात श्टुटगार्ट येथील नेत्रवैद्य रुडॉल्फ बर्लिन यांनी योजला. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकिकत ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली. त्याच्या मेंदूला कोणतीही इजा झालेली नव्हती. शाळेबरोबर घरीही शिकवणी होती. गणितात तो मागे नव्हता. सारे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत मॉर्गन यांनी नोंदवले आहे. ग्लासगोचे नेत्रवैद्य हिन्शेलवुड यांनी १९१७ च्या आपल्या ग्रंथात हीच वाट पुढे नेली आणि ‘शुद्ध’ रुग्ण हे सर्वसाधारण मंदबुद्धीच्या मुलांपासून कटाक्षाने वेगळे ठेवले.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. त्या काळी डॉक्टरांकडे पोचणारे मूल हे डॉक्टरकडे जाऊ शकणाऱ्या कुटुंबातले, ज्याच्याकडून अपेक्षा होत्या असे मूल होते. गरिबाच्या मुलाला वाचता आले नाही, तर त्याचे कोणाला आश्चर्य वाटत नव्हते. डिस्लेक्सियाच्या पहिल्या वर्णनांत रोगलक्षणांबरोबर हे आश्चर्यही मिसळले गेले. १९६८ मध्ये जागतिक न्यूरॉलॉजी महासंघाने केलेल्या व्याख्येत त्याला औपचारिक रूप मिळाले : रूढ पद्धतीचे अध्यापन, पुरेशी बुद्धिमत्ता आणि सामाजिक-सांस्कृतिक संधी असूनही वाचन शिकण्यात येणारी अडचण म्हणजे डिस्लेक्सिया. ही व्याख्या डिस्लेक्सिया काय आहे यापेक्षा तो काय नाही, हेच अधिक सांगते. नकारांच्या आधारे केलेल्या अशा व्याख्येत सामाजिक संधी न मिळालेले मूल डिस्लेक्सियाग्रस्त असूच शकत नाही, असा विचित्र निष्कर्ष अंतर्भूत आहे. दारिद्र्याने मेंदूतील अडचण दूर होते, असे तर कोणीच म्हणणार नाही. तरी व्याख्येचा तर्क तेथेच जाऊन पोचतो.

बुद्ध्यंक आणि तफावतीचा निकष

‘पुरेशी बुद्धिमत्ता’ हा शब्दप्रयोग संशोधनात मोजमापाच्या रूपाने आला. वय व बुद्ध्यंक यांवरून मुलाची अपेक्षित वाचनपातळी काढायची आणि प्रत्यक्ष पातळी तिच्याहून बरीच खाली असेल, तर ती ‘विशिष्ट’ अडचण मानायची, असा हा निकष. इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावरील मुलांच्या पाहणीवरून रटर आणि यूल यांनी १९७५ मध्ये असे दोन गट मांडले : बुद्ध्यंकाच्या मानाने मागे असलेले आणि सर्वसाधारणपणे मागे असलेले. अमेरिकेत १९७७ च्या केंद्रीय नियमांनी बुद्धी व संपादणूक यांतील ‘तीव्र तफावत’ हा निकष शाळाशाळांत नेला. पुढे अनेक वर्षे तफावत म्हणजेच डिस्लेक्सिया, असे समीकरण होऊन बसले.

या निकषाच्या समर्थनासाठी एक गोष्ट सिद्ध होणे आवश्यक होते. तफावत असलेली आणि तफावत नसलेली कच्ची वाचक मुले वाचनाच्या प्रक्रियेत खरोखर भिन्न असली पाहिजेत. ती तशी आढळली नाहीत. स्टुबिंग व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ४६ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा शब्दवाचनाशी निगडित कौशल्यांत दोन्ही गटांमधील फरक नगण्य वा अल्प निघाला. तानाका व सहकाऱ्यांच्या २०११ मधील मेंदूप्रतिमा-अभ्यासात, यमकाची पारख करताना दोन्ही गटांतील मुलांच्या मेंदूतील क्रिया सारख्याच प्रकारे मंद दिसली. गॉफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये वाचनाची फोड ‘शब्दउकल’ आणि ‘भाषेचे आकलन’ अशा दोन घटकांत केली होती. त्या फोडीनुसारही बुद्ध्यंकाचा संबंध प्रामुख्याने दुसऱ्या घटकाशी येतो, तर डिस्लेक्सियाची अडचण पहिल्यात असते.

याहून मूलगामी आक्षेप स्टॅनोविच यांच्या १९८६ च्या प्रसिद्ध निबंधातून निघतो. जे मूल वाचू शकत नाही, ते कमी वाचते. कमी वाचल्याने त्याचा शब्दसंग्रह व सामान्यज्ञान खुंटते. आणि बुद्धिमापन चाचणीचा शाब्दिक भाग नेमके हेच मोजतो. म्हणजे बुद्ध्यंक ही वाचनाची पट्टी न राहता काही अंशी वाचनाचा परिणाम ठरतो. वर्षे सरतात तशी अशा मुलाची तफावत भरून निघते. वाचन सुधारल्याने नव्हे, तर बुद्ध्यंक घसरल्याने! आणि तफावत नाही म्हणून त्याला मदत नाही. लहान वयात तफावत मोजण्याइतकी मोठी नसते, म्हणून तेव्हाही मदत नाही. नापास होण्याची वाट पाहणारा हा निकष आहे, ही त्यावरील टीका यथार्थच आहे. २००४ च्या अमेरिकी कायद्याने या निकषाची सक्ती करण्यास राज्यांना मनाई केली; ब्रिटनच्या २००९ च्या रोझ अहवालाने डिस्लेक्सिया बुद्धिमत्तेच्या सर्व पातळ्यांवर आढळतो, असे स्पष्ट म्हटले; अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेनेही तफावतीची अट सोडून दिली.

सीमारेषेचा प्रश्न

बुद्ध्यंक वगळला, तरी रेषा कोठे ओढायची हा प्रश्न उरतोच. रटर व यूल यांना वाचनगुणांच्या आलेखात खालच्या टोकाला एक उंचवटा दिसला होता. तो खरा असता, तर डिस्लेक्सिया हा स्वतंत्र गट आहे, याला आधार मिळाला असता. नंतरच्या अभ्यासांत हा उंचवटा आढळला नाही. वापरलेल्या चाचणीच्या कमाल मर्यादेमुळे तो निर्माण झाला असावा, असे स्पष्टीकरण पुढे आले. शेविट्झ व सहकाऱ्यांनी कनेक्टिकट राज्यातील मुलांचा दीर्घकाळ मागोवा घेऊन १९९२ मध्ये दाखवले, की डिस्लेक्सिया हा सलग वितरणाचा खालचा भाग आहे. त्यांच्या अभ्यासात पहिलीत डिस्लेक्सियाग्रस्त ठरलेल्या २५ मुलांपैकी तिसरीत केवळ ७ मुले त्या निकषात बसत होती. वितरण सलग असले आणि मोजमापात थोडी चूक असली, की रेषेच्या आसपासची मुले कधी अलीकडे, कधी पलीकडे जाणारच.

यावरून डिस्लेक्सिया अस्तित्वातच नाही, असा निष्कर्ष काहींनी काढला. एलियट व ग्रिगोरेन्को यांनी २०१४ च्या आपल्या ग्रंथात या संज्ञेच्या उपयुक्ततेवरच प्रश्नचिन्ह लावले. त्यांची टीका संज्ञेवर आहे. मुलांच्या अडचणीच्या खरेपणावर नाही, हे मात्र विसरता कामा नये. रक्तदाबही सलग मोजला जातो. कोठून पुढे औषध द्यायचे, ही रेषा माणसांनीच ठरवलेली असते. म्हणून उच्च रक्तदाब काल्पनिक ठरत नाही. फरक एवढाच, की ती रेषा उपचाराचा लाभ पाहून ओढली जाते आणि बदललीही जाते. वाचनाच्या बाबतीत मात्र प्रशासनाने सोयीसाठी ओढलेल्या रेषेला निसर्गाची रेषा समजण्याची चूक पुन्हा पुन्हा होते.

ही चूक संशोधनातही शिरते. डाउस्ट व सहकाऱ्यांच्या २०२२ मधील जनुकीय अभ्यासात पन्नास हजारांहून अधिक डिस्लेक्सियाग्रस्त प्रौढांचा समावेश होता आणि त्यात ४२ जनुकीय स्थाने निदर्शनास आली. डिस्लेक्सियाला जैविक पाया आहे व तो एका जनुकात नसून अनेक सूक्ष्म प्रभावांत विखुरला आहे, हे त्यातून ठळक झाले. परंतु या व्यक्ती ‘तुमचे डिस्लेक्सियाचे निदान झाले आहे काय?’ या आशयाच्या प्रश्नाला स्वतः दिलेल्या होकारावरून निवडलेल्या होत्या. निदान त्या त्या काळच्या व्याख्येने झाले आणि निदानापर्यंत पोचण्याची ऐपत सर्वांची सारखी नसते. व्याख्येतले ‘असूनही’ अशा वाटेने, कोणाच्या नकळत, जीवशास्त्राच्या सामग्रीत उतरते.

इंग्रजीची छाया

व्याख्येची दुसरी मर्यादा भाषेची आहे. हे संशोधन मुख्यतः इंग्रजीत झाले आणि वर्ण व उच्चार यांच्या संबंधात इंग्रजी ही अत्यंत अनियमित भाषा आहे. सेमूर व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तेरा युरोपीय भाषांतील पहिलीच्या मुलांची तुलना प्रसिद्ध केली. ग्रीक, फिनिश, जर्मन, इटालियन, स्पॅनिश मुले परिचित शब्द ९५ टक्के वा त्याहून अधिक अचूक वाचत होती. स्कॉटलंडमधील इंग्रजी शिकणारी मुले ३४ टक्के. विमर यांनी १९९३ मध्ये दाखवले, की डिस्लेक्सिया असलेली जर्मन मुले बहुतांशी अचूक वाचतात. पण फार सावकाश. म्हणजे चुका हे इंग्रजीतले ठळक लक्षण, तर संथपणा हे नियमित लेखनपद्धतींतले. पौलेसू व सहकाऱ्यांच्या २००१ मधील अभ्यासात इटालियन डिस्लेक्सियाग्रस्त प्रौढ हे इंग्रज व फ्रेंच प्रौढांपेक्षा चांगले वाचत होते. तरीही तिन्ही गटांच्या मेंदूत डाव्या बाजूच्या त्याच भागातील क्रिया मंदावलेली दिसली. मूळ अडचण एक. तिचे रूप लिपी व भाषा घडवते.

कार्यकारणाचा प्रश्नही येथेच उद्भवतो. शब्द स्वनिमांत फोडण्याची क्षमता कमकुवत असणे हे डिस्लेक्सियाचे कारण, हे प्रबळ मत आहे. ब्रॅडली व ब्रायंट यांनी १९८३ मध्ये, वाचनपूर्व वयातील ध्वनींची जाण पुढील वाचनाचे भाकीत करते आणि प्रशिक्षणाने वाचन सुधारते, असे दाखवून या मताला बळ दिले. दुसरीकडे मोराइस व सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये पोर्तुगालमधील निरक्षर प्रौढ शब्दातील पहिला स्वनिम वगळू शकत नाहीत, तर प्रौढपणी साक्षर झालेले वगळू शकतात, असे दाखवले. म्हणजे ही जाण काही अंशी वर्णमालेच्या शिक्षणातूनच येते. कारण आणि परिणाम परस्परांत गुंतलेले आहेत. हे भान २००२ च्या आंतरराष्ट्रीय डिस्लेक्सिया संघटनेच्या व्याख्येत पुसट होते. स्वनिक घटकातील उणीव हे तिने नेहमीचे कारण मानले आणि ती ‘अनपेक्षित’ असल्याचेही म्हटले. ‘अनपेक्षित’ हे ‘असूनही’चेच दुसरे नाव आहे. ब्रिटनमध्ये तज्ज्ञसहमतीने तयार होऊन २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्येने मात्र सर्व भाषा-लिपींत वाचनाचा प्रवाहीपणा व लेखनातील शुद्धता यांतील अडचण हे प्रमुख चिन्ह मानले. दिशा योग्य आहे; पण उशीर बराच झाला.

देवनागरी आणि मराठी वाचक

मराठी मुलाच्या दृष्टीने या चर्चेचा अर्थ काय? देवनागरी ही ना इंग्रजीसारखी, ना इटालियनसारखी. तिचे एकक अक्षर आहे. त्यात व्यंजन व स्वर एकत्र बांधलेले असतात. बाराखडीच चारशेच्या घरात जाते, जोडाक्षरे वेगळीच. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहावी लागते आणि नंतर उच्चारावी लागते. वैद व गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदी वाचकांच्या अभ्यासात या विसंगतीचा परिणाम वाचनाच्या वेळेवर होतो, असे दाखवले. ‘सूर्य’, ‘प्रकाश’, ‘राष्ट्र’, ‘दुसऱ्या’ या चार शब्दांत एकच र चार रूपे घेतो. सोनाली नाग यांनी २००७ मध्ये कन्नड मुलांबाबत दाखवले, की अक्षरसंच आत्मसात होण्यास प्राथमिक शाळेची कित्येक वर्षे लागतात आणि स्वनिमांची जाण सावकाश उमलते. इंग्रजी मुलाला पहिली-दुसरीत ज्या कसोटीवर पारखतात, ती कसोटी तशीच आणून कन्नड वा मराठी मुलाला लावली, तर निरोगी मूल रुग्ण ठरू शकेल.

उलट धोकाही तेवढाच आहे. मराठी वाचन बरेच नियमित असल्याने मूल अक्षराला अक्षर जोडत ‘क-र-व-त’ असे अचूक वाचून दाखवते; शब्द मात्र त्याच्या हाती लागत नाही. केवळ चुका मोजणारी चाचणी या मुलाला उत्तीर्ण करते. लेखनात परिस्थिती आणखी गुंतागुंतीची आहे. ‘मूल’ आणि ‘मुलगा’ यांतील ऱ्हस्व-दीर्घाचा फरक नियमाने येतो; तो सर्वच मुलांना चुकवतो, म्हणून ती चूक निदानाची खूण होऊ शकत नाही. मात्रा गळणे, जोडाक्षराचा अर्धा भाग सुटणे या चुकांचे वजन किती धरायचे, हे मराठी मुलांच्या वयवार प्रमाणकांशिवाय ठरणार नाही. ब-व, घ-ध, भ-म यांची गल्लत ही तर नवशिक्या साऱ्याच मुलांची असते. अक्षरे उलटी दिसणे म्हणजे डिस्लेक्सिया, हा ऑर्टन यांच्या काळापासूनचा समज वेलुटिनो यांनी १९७९ मध्येच खोडून काढला होता. तरी आपल्याकडे तो टिकून आहे. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘दाली’ या चाचणीसंचात हिंदी, कन्नड व इंग्रजीबरोबर मराठीचाही समावेश होता, ही म्हणूनच महत्त्वाची घटना होय.

‘योग्य अध्यापन मिळूनही’

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली. १९९५ च्या कायद्यात ती नव्हती. नव्या कायद्यातील वर्णनात बुद्ध्यंकाची अट नाही. परंतु २०१८ मध्ये निघालेल्या मूल्यमापनविषयक मार्गदर्शक सूचनांत बुद्ध्यंक ८५ हून अधिक असेल, तरच पुढील चाचणी, असा क्रम घातला गेला. कायद्याने दाराबाहेर ठेवलेले ‘असूनही’ सूचनांच्या खिडकीतून आत आले. जगभर हा निकष मागे पडत असताना आपण तो स्वीकारला. प्रसामान्य वितरणात ७० ते ८५ या बुद्ध्यंकात सुमारे १४ टक्के मुले येतात. ही मुले बौद्धिक अक्षमतेच्या व्याख्येत बसत नाहीत आणि अध्ययन अक्षमतेच्या दारातही त्यांना उभे करत नाहीत. वाचनाची नेमकी तीच अडचण असताना परीक्षेत जादा वेळ वा लेखनिक एकाला मिळतो आणि दुसऱ्याला मिळत नाही.

अध्यापनाच्या अटीचे काय? ‘असर’ पाहणीनुसार २०२२ मध्ये ग्रामीण भारतातील पाचवीच्या ४२.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. जेथे निम्म्याहून अधिक वर्ग वाचनात मागे आहे, तेथे ‘योग्य अध्यापन मिळूनही’ या अटीला अर्थ काय उरतो? न शिकवले गेलेले मूल आणि शिकवूनही न शिकू शकणारे मूल चाचणीच्या एका कागदावर सारखेच दिसते. येथे एक गंभीर आक्षेप संभवतो : अट सोडली, तर अर्धा वर्ग अक्षम ठरेल आणि शाळेचा दोष मुलाच्या मेंदूवर ढकलला जाईल. हा आक्षेप खरा आहे. परंतु त्यावरील उत्तर अट कायम ठेवणे हे नाही. रोझ अहवालाने सुचवलेली कसोटी, म्हणजे नीट आखलेल्या अध्यापनाला मूल कसा व किती प्रतिसाद देते ते पाहणे, हे उत्तर आहे. त्यासाठी शिकवणे आधी आणि निदान नंतर येते. जे मूल काही महिन्यांच्या पद्धतशीर मदतीने वर येते, त्याला प्रमाणपत्राची गरज नव्हती. जे येत नाही, त्याला ती आहे, मग त्याचा बुद्ध्यंक आणि त्याच्या वडिलांचे उत्पन्न काहीही असो.

समारोप

डिस्लेक्सियाच्या जैविक वास्तवाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शंका घ्यायची ती व्याख्येतील गृहीतांविषयी. ज्याच्याकडून अपेक्षा होत्या त्या मुलाला पाहून वाटलेले आश्चर्य, इंग्रजी लेखनपद्धतीची विलक्षणता आणि बुद्धिमापनावरील अतिविश्वास या तीन गोष्टी दीर्घकाळ शास्त्र म्हणून वावरल्या. संशोधनाने त्या एकेक करून दूर केल्या आहेत; आपल्या नियमांनी व चाचण्यांनी अद्याप तेवढी प्रगती केलेली दिसत नाही. मराठीपुरते पाहता तीन गोष्टी अगत्याच्या आहेत : चुकांबरोबर वाचनगती व लेखन मोजणाऱ्या चाचण्या, ग्रामीण व पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना धरून केलेली प्रमाणके आणि निदानापूर्वी पद्धतशीर वाचनसाहाय्य. पर्सीला घरी शिकवणी होती आणि त्याच्याविषयी आवर्जून लिहिणारा डॉक्टर होता. ज्याच्याकडे यांपैकी काहीच नाही, त्या मुलाची अडचण ओळखू शकेल अशी व्याख्या आपण स्वीकारतो की नाही, यावर या क्षेत्रातील आपल्या कामाचे मोल ठरेल.